दाराजवळची खुर्ची

गिल्डीचा बार, किलब्रॅक, आयर्लंड
सोमवार, १२ जानेवारी १९७६

प्रिय मॅलाकी,

ख्रिसमसचं कार्ड पोचलं. आत फक्त 'मॅलाकी' एवढंच लिहिलं होतंस. अरे, कार्ड छापणाऱ्याने तुझ्यापेक्षा जास्त मजकूर घातला होता! तुझी बायको, आपली ब्रीज, देवाघरी जाऊन वर्ष उलटलं. तुझी शेजारीण मला लिहिते की तू दिवसभर पडदे उघडत नाहीस, पाव आणायला तेवढा बाहेर पडतोस. कारखान्यातून निवृत्त झालास म्हणजे जगातून निवृत्त झालास असं वाटलं की काय तुला?

मी थोरली आहे, तेव्हा निमूट ऐक. तुझ्या पलंगाखाली बाबांचं अकॉर्डियन आहे ना? ते काढ, धूळ झटक, आणि कोपऱ्यावरच्या कीलीच्या बारमध्ये जा. तिथे दर मंगळवारी आपल्याकडच्यासारखी खुली मैफल असते म्हणे. तिकीट नाही, आमंत्रण नाही. खुर्ची ओढायची आणि बसायचं. लहानपणी तू किती हौसेने वाजवायचास! तुझं सुरू झालं की आई कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात जायची, तिथून ऐकायची.

आमच्या बारमध्ये रविवारची मैफल जोरात आहे. पीटर जो अजून बासरी घेऊन मधोमध बसतो, आणि त्याचे नियम तेच. वाजवू नकोस असं कुणालाही म्हणायचं नाही. गाणं म्हणणाऱ्याने पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि नाव घेतलेल्याला कुणी अडवायचं नाही. गाणं चालू झालं की जागेवरून हलायचं नाही. काल पीटर जोने माझं नाव घेतलं. मी ते बुडालेल्या खलाशाचं गाणं धरलं, तेच, चौदा कडव्यांचं. तिसऱ्या कडव्यात होते तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, बिअरचं पिंप संपलं! तळघरात जाऊन बघते तर पिंप अर्धं भरलेलं. नशीबच फुटकं माझं.

बाबांची खुर्ची मागच्या दाराशी अजून तशीच आहे. मी दर शनिवारी पुसते. सगळ्या वादकांत स्वतःची ठरलेली खुर्ची होती ती एकट्या बाबांची, हे विसरू नकोस. त्यांचा मुलगा आहेस तू. पडदे उघड.

तुझी,
अट्रॅक्टा

ता. क. आमच्याकडे एक नवीन संकट आलंय, त्याचं नाव डॉ. लॉर्कन प्रंटी. पुढच्या वेळी सांगते.


कॉव्हेंट्री, इंग्लंड
बुधवार, ४ फेब्रुवारी

प्रिय अट्रॅक्टा,

गेलो. झालं समाधान?

खरं सांगतो, कीलीच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा पाऊस होता म्हणून आत शिरलो. आत दहाएक माणसं गोल करून बसलेली. मधे नोरीन टायमन नावाची बाई, इस्पितळात नर्स आहे, व्हायोलिन असं वाजवते की मागच्या जन्मीचं आठवावं. तिने मला विचारलं नाही की कोण, कुठला, किती वर्षं शिकलास. पायानेच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. बस्स, एवढंच! मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून घाईघाईने अकॉर्डियनचा भाता उघडला आणि वाजवलं.

अगं, काय सांगू! माझं पहिलं वाजवणं संपलं आणि सगळे गप्प. नुसते बघत होते माझ्याकडे. मग नोरीन म्हणाली, "मॅलाकी, असं वाजवणं मी आजवर ऐकलं नव्हतं."

तेव्हापासून माझा थाट विचारू नकोस. मी आत पाऊल टाकलं की कीली स्वतः बिअरचा भरलेला पाइंट माझ्या हातात देतो. संपला की दुसरा. पैसे घेत नाही! दुसऱ्या कुणालाही असा देत नाही, मी नीट पाहिलंय. आणि आता मला दाराजवळची खास खुर्ची मिळाली आहे. नोरीन म्हणते, येणाऱ्याला पहिल्यांदा तुझा चेहरा दिसला पाहिजे. बाबांचा मुलगा शोभतो की नाही?

काल रात्री घरी आलो आणि दिवा लावताना पहिल्यांदा खोली रिकामी वाटली नाही. कानात सूर होते. ब्रीजच्या फोटोला सगळं सांगून झोपलो. तुझे उपकार फेडणार नाही, पण मानतो.

तुझा,
मॅलाकी

ते संकट काय आहे? लिही.


किलब्रॅक
सोमवार, २३ फेब्रुवारी

प्रिय मॅलाकी,

तुझं पत्र वाचून मी काउंटरमागे चक्क गिरकी घेतली. पीटर जो म्हणाला, "काय गं, लॉटरी लागली?" म्हटलं, त्याहून मोठं, माझा भाऊ माणसांत आला.

आता संकट ऐक. डॉ. लॉर्कन प्रंटी म्हणजे आपल्या गावचा दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद केला आणि बकऱ्याच्या कातड्याचा डफ विकत घेतला. देवमाणूस आहे रे, सोन्यासारखा, पण ताल म्हणून नाही! आम्ही चाललो पूर्वेला, की हा निघाला पश्चिमेला, आणि तोही धावत. वर डोळे मिटून, हसत. त्याला सांगणार कोण? पीटर जोची कवळी त्याने बसवली आहे. बासरीवाल्याला कवळी म्हणजे काय हे तुला सांगायला नको. अर्ध्या मैफलीचं तोंड त्याच्या हातात आहे.

आणि नियम तर तुला माहीतच. वाजवू नकोस म्हणता येत नाही. मग आम्ही युक्त्या करतो. तो आला की मी गरम सूप देते, वाटी एवढी चटका देणारी की दोन्ही हात लागतात. सूप संपेस्तोवर पाच चाली वाजवून होतात. मग पीटर जो असं काही संथ काढतो की डफाला जागाच राहत नाही. कालपर्यंत गाणाऱ्यांपैकी एकानेही डॉक्टरांचं नाव पुकारलेलं नाही. बिचारा दर वेळी मान वर करून बघतो.

पीटर जो तर म्हणाला, "त्याला तुझ्या वडिलांच्या खुर्चीत बसवूया, मागच्या दाराशी." मी फटकारलं त्याला. म्हटलं, बाबांच्या मानाच्या खुर्चीत तो डफवाला? तर पीटर जो खोकायला लागला, पाणी द्यावं लागलं.

माझं गाणं काल परत राहिलं. दुसऱ्या कडव्यात होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून हॅम सँडविच मागितली, सहा! एकदम भुका लागतात या लोकांना.

अजून काही युक्ती सुचते का? तुझ्या डोक्यात लहानपणापासून नसत्या गोष्टी येतात.

तुझी,
अट्रॅक्टा


कॉव्हेंट्री
बुधवार, १७ मार्च, सेंट पॅट्रिकचा दिवस

प्रिय अट्रॅक्टा,

तुझा तो दाताचा डॉक्टर वाचून इतका हसलो की शेजारणीने भिंत ठोकली. काय एकेक माणसं असतात! आपण कसं वाजवतो हे ज्याचं त्याला कळत कसं नाही, हेच मला नवल वाटतं.

युक्ती सुचवतो. त्याला काहीतरी वाटायला दे. सोडतीची तिकिटं, सणाची रिबन, काहीही. माणूस टेबलाटेबलावर फिरत राहिला की डफ खाली राहतो. परवा माझ्यावरच हे काम आलं होतं म्हणून सुचलं. चर्चच्या छपरासाठी सोडत होती आणि नोरीन म्हणाली, "मॅलाकी, तुझ्यासारखा विश्वासू माणूस दुसरा नाही." मला जरा वाईट वाटलं, कारण सबंध संध्याकाळ अकॉर्डियन पेटीतून निघालंच नाही, पण विश्वास ठेवल्यावर नाही कसं म्हणणार?

आणि आता खरी बातमी. नोरीनने मला मैफलीचा कान नेमलाय! म्हणते, "तुझ्यासारखी जाण आमच्यात कुणाला नाही. तू त्या टोकाला, तुझ्या दाराजवळच्या खुर्चीत बस आणि आम्ही कसं वाजवतोय ते सांग." मी सांगतो, ते ऐकतात. बॅन्जो बासरीला गिळतोय म्हटलं, तर बॅन्जोवाला डेस लगेच मागे सरकला. बाबांनासुद्धा हा मान मिळाला नव्हता.

मी ठरवलंय. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी किलब्रॅकला येतो. बाबांच्या खुर्चीत बसून, बाबांच्या अकॉर्डियनवर, गावासमोर वाजवणार. पीटर जोला सांगून ठेव, मला पूर्ण संध्याकाळ लागेल.

तुझा,
मॅलाकी


किलब्रॅक
सोमवार, २९ मार्च

प्रिय मॅलाकी,

तू येणार हे वाचून आनंद झाला. खूप आनंद झाला.

एक विचारू? तू त्या मैफलीत वाजवतोस किती? म्हणजे दर मंगळवारी, प्रत्यक्ष, भाता उघडून? सहज विचारतेय.

डॉक्टरांची गंमत मात्र पुढे गेली आहे, ती तुला सविस्तर सांगते. नीट वाच हं, शांतपणे, घरी, एकट्याने, चहा घेऊन. आम्ही आता डॉक्टरांना दाराजवळ खुर्ची दिली आहे. त्यांना सांगितलं, येणाऱ्याला पहिल्यांदा तुमचा चेहरा दिसला पाहिजे. खरं कारण असं की दार सारखं उघडतं, त्यामुळे त्यांचा निम्मा आवाज रस्त्यावर जातो. हातातला ग्लास आम्ही रिकामा होऊ देत नाही, कारण ग्लास धरलेला हात वाजवू शकत नाही. सोडतीची तिकिटं वाटायला त्यांनाच पाठवतो. आणि आता पीटर जोने त्यांना मैफलीचा कान नेमलंय! त्या टोकाला बसून आम्ही कसं वाजवतोय ते सांगायचं. असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की माणूस खूश राहतो, आणि मैफलही.

यात वाईट हेतू कुणाचा नसतो, मॅलाकी. डॉक्टर आम्हाला आवडतात. हे तू लक्षात घे.

समजलं ना मी काय म्हणतेय ते?

तुझी,
अट्रॅक्टा


कॉव्हेंट्री
शुक्रवार, २ एप्रिल

प्रिय अट्रॅक्टा,

समजलं म्हणजे काय! फुटलो हसून! 'ग्लास धरलेला हात वाजवू शकत नाही', वा! तू बार चालवण्याऐवजी नाटकं लिहायला हवी होतीस. आणि माझ्या सगळ्या थाटाची नक्कल करून त्या डॉक्टरला बनवताय, हे तर फारच भारी. बिचाऱ्याला वाटत असेल आपल्याला खरंच मान मिळतोय!

हे पत्र मी मंगळवारी कीलीकडे नेणार आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवणार. नोरीनची मुरकुंडी वळेल.

घाईत,
मॅलाकी


तार
किलब्रॅक पोस्ट ऑफिस, मंगळवार ६ एप्रिल

पत्र वाचून दाखवू नकोस. हात जोडते. अट्रॅक्टा


किलब्रॅक
सोमवार, २६ एप्रिल

प्रिय मॅलाकी,

तीन आठवडे झाले. तार पोचली का? आधी पोचली की नंतर?

काहीतरी लिही. शिव्या लिही, चालतील. मी मेली मोठी शहाणी! समोर बोलायचा धीर नव्हता म्हणून डॉक्टरांच्या आडून बोलायला गेले, आणि ते अंगाशी आलं. आलं ते तुझ्या. तुला त्या बारमध्ये मीच ढकललं होतं. आता तू परत पडदे लावून बसलास तर ते माझ्यामुळे. रात्री मला तेच दिसतं, तुझी ती बंद खिडकी.

ऑगस्टचं विसरू नकोस.

अट्रॅक्टा


किलब्रॅक
सोमवार, १७ मे

मॅलाकी,

तुझी शेजारीण लिहिते की पडदे बंद आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पत्र आलं नाही तर मी बारला कुलूप लावून बोटीत बसते आणि तुझ्या दारात उभी राहून ते खलाशाचं गाणं म्हणते. चौदाही कडवी.

अट्रॅक्टा


कॉव्हेंट्री
बुधवार, २ जून

प्रिय अट्रॅक्टा,

त्या धमकीने मला लिहायला बसवलं. शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. कारण पुढे सांगतो.

तुझी तार मला मंगळवारी रात्री घरी परतल्यावर दाराखाली मिळाली.

काय झालं ते ऐक. सगळे जमले होते. मी दाराजवळच्या माझ्या खुर्चीवर उभा राहिलो आणि झोकात वाचायला लागलो. चहा घेऊन वाच म्हणतेस तिथे डेस खो खो हसला. वाचता वाचता दाराजवळच्या खुर्चीच्या ओळीपर्यंत आलो, तर डेस स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. ग्लासापाशी आलो त्याच क्षणी कीली माझ्यासाठी भरलेला पाइंट घेऊन येत होता. तो जागच्या जागी थांबला, वळला, आणि पाइंट घेऊन परत गेला. मी हसत हसत वाचत होतो. मैफलीचा कान आला. कुणी हसेना. मी वर बघितलं, तर नोरीनचे डोळे भरलेले. मग मी खाली बघितलं. मी खुर्चीवर उभा होतो, अट्रॅक्टा, दाराजवळच्या खुर्चीवर, आणि मागे दार उघडंच होतं.

कोट घेतला आणि निघालो. अकॉर्डियन तिथेच राहिलं.

त्यानंतरचं तुला शेजारणीने सांगितलंच आहे. मी रागावलो नव्हतो गं. नुसती लाज वाटत होती, आणि मंगळवार आला की जास्त वाटायची. ब्रीजच्या फोटोला काय सांगावं तेही कळेना. तिलाही माझं वाजवणं ऐकू येत होतंच की इतकी वर्षं. ती शिवणाचं मशीन घेऊन बसायची आणि मला वाटायचं, कामसू बाई आहे.

मग दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी दार वाजलं. मी उघडलं नाही. तर दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून नोरीनचा आवाज, "मॅलाकी, तू पडद्याआड आहेस हे मला माहितीये. मी नर्स आहे, पेशंट झोपलाय की सोंग करतोय ते मला श्वासावरून कळतं." उघडलं. बाहेर ती, डेस, कीली, आणि माझं अकॉर्डियन.

मी म्हटलं, "मला काढायचं होतं तर सरळ सांगायचं."

नोरीन अशी भडकली! "तुला काढायचं असतं ना, तर तुला वाजवू दिलं असतं! मागे एक असाच होता. त्याने सुरू केलं की आम्ही सगळे वाद्यं मांडीवर ठेवून गप्प बसायचो. महिन्याभरात गेला, परत आला नाही. तो माणूसच आम्हाला नको होता. तुझ्या बाबतीत तसं केलं का? आम्ही दर सोमवारी जमून ठरवायचो की उद्या मॅलाकीच्या हातात काय द्यायचं. एवढी डोकेफोड कुणी नकोशा माणसासाठी करतं का रे, गाढवा?"

डेस हळूच म्हणाला, "आणि बॅन्जोचं तू बरोबर सांगितलं होतंस. तू नाहीस तर सगळं बोंबललंय."

तर परत जायला लागलो. कान मीच आहे, अधिकृत. खुर्ची मी स्वतः दारापासून हलवली आणि नंतर परत तिथेच नेली, कारण उन्हाळा असा पेटलाय की वारा फक्त तिथेच लागतो. दर मंगळवारी शेवटी एक चाल मी वाजवतो. त्या वेळी बऱ्याच जणांना कोट शोधायची आठवण होते. शोधू देत! नाकावर टिच्चून वाजवतो.

आता तुझ्याकडे वळू? दीड महिना घरात बसून मी तुझी पत्रं परत परत वाचली. आणि आता मला युक्त्या ओळखू येतात, मला त्या फुकट शिकवल्या गेल्यात. अट्रॅक्टा, तू तिसऱ्या कडव्यात असताना पिंप संपलं, आणि ते अर्धं भरलेलं निघालं. तू दुसऱ्या कडव्यात असताना सहा सँडविच मागितली. गेल्या उन्हाळ्यात लिहिलं होतंस की तू सूर लावलास आणि बाहेरच्या टेलिफोनवर कुणीतरी तुला बोलावलं, आणि उचललास तर पलीकडे कुणीच नव्हतं.

बाई, तू ते गाणं कधी संपवलं आहेस का?

समजलं ना मी काय म्हणतोय ते? चहा घेऊन वाच हं.

तुझा,
मॅलाकी


किलब्रॅक
सोमवार, २१ जून

नालायका,

चहा नाही घेतला. दुसरं काहीतरी घेतलं, आणि तेही उभ्याने.

पहिले दोन दिवस मी तुला मनात इतक्या शिव्या घातल्या की पाद्रीबाबांकडे कबुली द्यायला जावं लागलं. म्हटलं, जळफळाट आहे याचा. मग म्हटलं, ठीक आहे, होऊन जाऊ दे परीक्षा. काल रविवार होता. मी संध्याकाळीच दोन ताटं सँडविच करून प्रत्येक टेबलावर ठेवली. नवीन पिंप जोडलं. टेलिफोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. खिडक्या उघडल्या, म्हणजे कुणाला चक्कर यायला नको. आणि पीटर जोला म्हटलं, "आज माझं नाव घे."

त्याचा चेहरा बघायला हवा होतास! त्याने टेबलाकडे पाहिलं, सँडविच. नळाकडे पाहिलं, फेस येतोय. बाहेर फोनकडे कुणीतरी गेलं आणि मान हलवत परत आलं. मग पीटर जोने गालावर हात ठेवला आणि कण्हायला लागला, "दाढ! माझी दाढ!"

"पीटर जो," मी म्हटलं, "तुझ्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही."

गायले. सगळीच्या सगळी चौदा कडवी गायले, मॅलाकी. गाणं चालू झाल्यावर हलायचं नाही हा त्यांचाच नियम, सापडले कचाट्यात. नवव्या कडव्यात खलाशी बुडतो, तेव्हा कुणीतरी "एकदाचा!" असं पुटपुटलं, ते मी ऐकलं. आणि मी स्वतःलाही पहिल्यांदा ऐकलं, कारण इतकी शांतता मला याआधी कधी मिळालीच नव्हती. तुझं खरं आहे. बाप रे, किती खरं आहे!

संपल्यावर सगळे काउंटरवरच्या डागांकडे बघत होते. फक्त एक माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. डॉ. लॉर्कन प्रंटी. टाळ्यासुद्धा बेतालच.

आता गाणाऱ्याने पुढचं नाव घ्यायचं असतं, आणि नाव घेतलेल्याला कुणी अडवायचं नसतं. मी सबंध बारवर नजर फिरवली. पीटर जो डोळ्यांनी नाही नाही म्हणत होता. मी म्हटलं, "डॉ. प्रंटी!"

अरे, त्या माणसाने डफ असा उचलला, जसं काही कुणी त्याच्या हातात बाळ दिलंय. आणि असा वाजवला की खिडकीतली मांजर गेली ती अजून आली नाही. पण त्याचा चेहरा! इतका आनंद मी या बारमध्ये कुठल्याही वाजवणाऱ्याच्या तोंडावर बघितलेला नाही, पीटर जोच्या तर नाहीच नाही.

नंतर मी पीटर जोला तळघराच्या जिन्यावर गाठलं. म्हटलं, आता खरं सांग. आमचे बाबा? त्याने टोपी काढली. "भला माणूस," म्हणाला, "फार भला." म्हटलं, खुर्ची मागच्या दाराशी का? तो म्हणाला, "तिथून आवाज अंगणात जायचा, बाई. तुझे सासरे हा बार चालवायचे तेव्हा त्यांनी स्वतः माप घेऊन ठेवली होती."

म्हणजे घरी बाबा किंवा तू वाजवायला लागलात की आई दाणे टाकायला पळायची, म्हणून तिच्या कोंबड्या एवढ्या जाड होत्या.

मी जिन्यावरच बसले आणि रडू की हसू ते कळेना, म्हणून दोन्ही केलं. पीटर जो गडबडला. म्हणाला, "बाई, हिवाळ्यात ते यायच्या आधी मी त्यांच्या खुर्चीशी शेगडी नेऊन ठेवायचो. एकदा आजारी पडून आले नाहीत, तर आम्ही कुणीच वाजवलं नाही त्या दिवशी. खुर्ची रिकामी दिसायची ना." बाबा आयुष्यभर त्या खुर्चीत येऊन बसले, मॅलाकी, आणि लोकांनी आयुष्यभर ती त्यांच्यासाठी उबदार ठेवली. मी ती आजही पुसली. सोमवार असून.

तू ऑगस्टमध्ये ये. बाबांच्या खुर्चीत तू बस, शेजारी मी खुर्ची टाकते. तुझं अकॉर्डियन, माझी चौदा कडवी. दोन्ही एकदम! गावाने आपल्या घराण्याला इतकी वर्षं सांभाळलंय, अजून एक संध्याकाळ सांभाळेल.

तुझी,
अट्रॅक्टा


कॉव्हेंट्री
बुधवार, ३० जून

प्रिय अट्रॅक्टा,

काल तुझं पत्र कीलीकडे वाचून दाखवलं. या वेळी तुझी परवानगी न घेता, आणि या वेळी सगळे हसले. सगळ्यांच्या आधी मी.

बोटीचं तिकीट काढलंय. नोरीन, डेस आणि कीलीही येताहेत. म्हणतात, तुम्ही दोघं एकत्र असताना तिथे कुणीतरी अनुभवी माणूस हवा.

पडदे धुवायला काढलेत, उन्हात वाळताहेत. खिडक्या दिवसभर उघड्या असतात, शेजारणीला विचार. ती मात्र मी सराव करतो तेव्हा स्वतःच्या बंद करते.

बाबांच्या खुर्चीशेजारी एक नाही, दोन खुर्च्या टाक. दुसरी डॉक्टरांना.

तुझा,
मॅलाकी